डॉक्टर बार्टलेट यांच्यावर गावाने काय काय सोपवले

अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर न्यू हॅम्पशायरच्या तीन प्रतिनिधींच्या सह्या आहेत. त्यांपैकी विल्यम व्हिपल हे व्यापारी होते. उरलेले दोघे, जोसाया बार्टलेट आणि मॅथ्यू थॉर्नटन, हे डॉक्टर होते. बार्टलेट यांनी कोणत्याही वैद्यकीय महाविद्यालयात शिक्षण घेतले नव्हते आणि कायद्याचा अभ्यास तर मुळीच केला नव्हता. तरीही ते प्रांतिक विधिमंडळाचे सभासद, स्थानिक सैन्यदलाचे कर्नल, ‘जस्टिस ऑफ द पीस’ (गावपातळीवरचे न्यायाधीश), वरिष्ठ न्यायालयाचे न्यायाधीश आणि अखेरीस राज्याचे प्रमुख झाले. ही यादी वाचून हा माणूस अलौकिक असला पाहिजे असे वाटते. माझे मत थोडे वेगळे आहे. बार्टलेट कर्तबगार होते यात शंका नाही, परंतु एका खेड्यातल्या डॉक्टरकडे इतकी पदे का चालत आली, हे समजायचे असेल तर त्यांच्या गुणांइतकेच अठराव्या शतकातल्या न्यू इंग्लंडमधील, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्येकडील वसाहतींमधील, गाव कसे चालत असे हेही पाहावे लागते.

बार्टलेट यांचा जन्म १७२९ च्या नोव्हेंबरात मॅसॅच्युसेट्समधील एम्सबरी येथे झाला. वडील स्टीफन हे जोडे बनवण्याचा व्यवसाय करीत. सोळाव्या वर्षी जोसाया गावातल्याच डॉ. नेहेमाया ऑर्डवे यांच्याकडे शिकाऊ म्हणून राहिले. त्या काळी वैद्यकी शिकण्याचा हाच रुळलेला मार्ग होता. शिकाऊ मुलाने खलबत्त्यात औषधे कुटायची, गोळ्या वळायच्या, गुरूच्या मागोमाग घोड्यावरून रोग्यांच्या घरी जायचे, जखमा बांधायला आणि रक्त काढायला शिकायचे, आणि गुरूच्या कपाटात जी थोडी पुस्तके असतील ती वाचून काढायची, असा हा अभ्यासक्रम असे. वसाहतींमधील पहिले वैद्यकीय विद्यालय फिलाडेल्फियात निघाले ते १७६५ मध्ये, म्हणजे बार्टलेट यांचा व्यवसाय सुरू होऊन पंधरा वर्षे झाल्यावर. स्वातंत्र्ययुद्धाच्या सुमारास सर्व वसाहतींत मिळून साडेतीन हजारांच्या आसपास लोक वैद्यकी करीत आणि त्यांपैकी जेमतेम चारशे जणांनी रीतसर शिक्षण घेतलेले होते, असा अंदाज इतिहासकार देतात. त्यामुळे पदवी नसणे ही कोणाला खटकणारी गोष्ट नव्हती. डॉक्टर चांगला की वाईट हे लोक त्याच्या हातून बरे झालेल्या आणि न झालेल्या माणसांवरून ठरवीत.

१७५० मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, बार्टलेट यांनी न्यू हॅम्पशायरमधील किंग्स्टन येथे बस्तान बसवले. गावाला १६९४ मध्ये सनद मिळालेली होती, पण वस्ती विरळ होती आणि आसपास दुसरा डॉक्टर नव्हता. शिवाय या गावाला एका साथीची भयंकर आठवण होती. १७३५ च्या मे महिन्यात ‘थ्रोट डिस्टेंपर’ नावाने ओळखला गेलेला घशाचा रोग किंग्स्टनमध्येच प्रथम उद्भवला आणि पुढच्या काही वर्षांत न्यू इंग्लंडभर पसरला. न्यू हॅम्पशायरचे आरंभीचे इतिहासकार जेरेमी बेल्कनॅप यांनी लिहून ठेवले आहे की पहिला रोगी एक लहान मूल होते आणि ते तीन दिवसांत गेले; आठवड्याभराने चार मैलांवरच्या दुसऱ्या घरातली तीन मुले एकामागून एक आजारी पडली आणि तीही तिसऱ्या दिवशी गेली; पहिल्या चाळीस रोग्यांपैकी एकही वाचला नाही. त्या प्रांतात एकंदर हजाराच्या आसपास माणसे दगावली आणि त्यांतली नऊशेहून अधिक वीस वर्षांखालची होती.

हा रोग मुख्यतः घटसर्प असावा, असे आज मानले जाते. घटसर्पाचे जंतू घशात वाढतात, तेथे राखाडी रंगाचा चिवट पडदा धरतो आणि लहान मुलाची अरुंद श्वासनलिका त्याने बंद होऊ शकते. त्यातून मूल वाचलेच तर जंतूंचे विष रक्तात भिनून हृदयाला इजा करते. आपल्याकडे बालकांना घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांची त्रिगुणी लस मिळू लागल्यापासून हा आजार बहुतेक पालकांनी डोळ्यांनी पाहिलेलाही नसतो, म्हणून त्याची दहशत मुद्दाम सांगावी लागते. किंग्स्टनमध्ये मात्र ती सांगण्याची गरज नव्हती. बार्टलेट तेथे आले तेव्हा गावातल्या कित्येक घरांतून पंधरा वर्षांपूर्वी पोर गेलेले होते.

१७५४ च्या सुमारास ही साथ परतली. तेव्हाच्या वैद्यकशास्त्राचा पाया असा, की शरीरातील द्रवांचा तोल बिघडला म्हणजे रोग होतो आणि तो तोल रक्त काढून, रेचक देऊन किंवा ओकारी करवून पूर्ववत करावा. बार्टलेट यांनी घशाच्या या रोगावर ‘पेरूव्हियन बार्क’ म्हणजे सिंकोना झाडाची साल वापरली आणि त्याचा उपयोग झाला म्हणून त्यांचे नाव झाले. येथे जरा थांबून विचार केला पाहिजे. सिंकोनाच्या सालीत क्विनीन असते (ते वेगळे काढण्यात आले १८२० मध्ये) आणि ते हिवतापाच्या परजीवीवर काम करते. घटसर्पाच्या विषावर त्याचा काही परिणाम होत असल्याचे आजचे शास्त्र मानत नाही. मग रोगी बरे कसे झाले? मला वाटते की साथ दर वेळी सारख्याच तीव्रतेची नसते हे एक कारण असावे, आणि आधीच गळून गेलेल्या मुलाचे रक्त काढण्याऐवजी सालीचा काढा पाजला तर निदान त्याची ताकद तरी शाबूत राहते, हे दुसरे. औषधाने जे साधले असेल त्याहून अधिक, डॉक्टरांनी जे करायचे टाळले त्याने साधले असावे.

त्यांच्या स्वतःच्या आजारपणाची एक हकीकतही जुन्या चरित्रांत सांगितलेली असते. १७५२ मध्ये त्यांना कडक ताप आला. उपचार करणाऱ्यांनी त्या काळच्या पद्धतीप्रमाणे खोली उबदार ठेवली आणि थंड पेये बंद केली. प्रकृती खालावत चालली तेव्हा बार्टलेट यांनी सोबतीला बसलेल्या तरुणांकरवी सफरचंदाची सायडर मागवली आणि ती थोड्या थोड्या वेळाने अर्धा अर्धा पेला अशी रात्रभर घेतली. सकाळपर्यंत घाम सुटला आणि ताप उतरला. हकीकतीला कालांतराने थोडी झिलई चढली असेल, परंतु तिच्यात अशक्य असे काही नाही. तापात शरीरातले पाणी कमी होत असते आणि पाणी तोडणे ही चूकच होती. शास्त्रात लिहिले आहे म्हणून एखादी गोष्ट करीत राहण्यापेक्षा तिचा परिणाम पाहून ती बदलावी, असा त्यांचा पुढचा शिरस्ता राहिला, असे चरित्रकार सांगतात.

१७५४ मध्येच त्यांनी आपल्या नात्यातील मेरी बार्टलेट यांच्याशी विवाह केला. त्यांना बारा अपत्ये झाली आणि सगळी जगली नाहीत. जोसाया नावाचा एक मुलगा जन्माच्या वर्षीच गेला आणि नंतर झालेल्या मुलाचे नाव पुन्हा जोसाया ठेवण्यात आले. गेलेल्या मुलाचे नाव पुढच्याला देण्याची ही रीत तेव्हा न्यू इंग्लंडमध्ये सर्रास होती, आणि डॉक्टरांचे घरही त्याला अपवाद नव्हते.

आता पदांकडे वळू. न्यू इंग्लंडमधील प्रत्येक गाव आपला कारभार ‘टाउन मीटिंग’मध्ये ठरवीत असे. तिला ग्रामसभा म्हणता येईल, पण तिच्याकडे कर बसवण्याचा, रस्ते काढण्याचा, धर्मोपदेशकाचा पगार ठरवण्याचा आणि शाळा चालवण्याचाही अधिकार होता. मतदान करणाऱ्या पुरुषांनी साधारणपणे मार्च महिन्यात जमायचे आणि वर्षभरासाठी माणसे निवडायची. सर्वांत वर ‘सिलेक्टमन’ म्हणजे तीन किंवा पाच कारभारी असत. त्यांच्याखाली लेखनिक, कॉन्स्टेबल, करवसुली करणारा, रस्त्यांची देखरेख करणारा, कुंपणे तपासणारा, इतकेच काय मोकाट डुकरांवर नजर ठेवणारा ‘हॉग रीव्ह’सुद्धा असे. हे शेवटचे पद नव्या नवऱ्याला थट्टेने देण्याची प्रथा बऱ्याच गावांत होती, आणि ते नाकारणे सोपे नसे. यातल्या बहुतेक कामांना पगार नव्हता, मिळालेच तर किरकोळ मानधन. म्हणजे गावाला दरवर्षी डझनावारी जागा भरायच्या असत आणि हिशेब, लेखन व चार लोकांत बोलणे जमणारी माणसे मोजकीच असत.

अशा गावात डॉक्टर आपोआप नजरेत भरतो. तो गावातल्या प्रत्येक घरी जाऊन आलेला असतो, कोणाच्या शेताची हद्द कोठे आहे, कोणाचे कोणाशी वाकडे आहे आणि कोणाच्या घरी खरोखर खायला नाही हे त्याला माहीत असते. त्याला लिहिता-वाचता येते आणि हिशेबाची वही ठेवावीच लागते, कारण रोख पैसा दुर्मीळ असल्याने लोक औषधाचे पैसे मका, सरपण, लोकर किंवा शेतावरच्या दिवसभराच्या मजुरीने फेडीत आणि ही देणी वर्षानुवर्षे चालत. याची एक अडचणीची बाजूही होती आणि ती सहसा कोणी बोलून दाखवत नाही: गावातले बरेच लोक डॉक्टरचे ऋणको असत. ज्याच्याकडे आपले देणे थकले आहे त्यालाच मत द्यायचे किंवा त्याच्याच समोर तक्रार घेऊन जायचे, यात कृतज्ञता किती आणि भीड किती हे सांगणे अवघड आहे.

१७६५ मध्ये किंग्स्टनने बार्टलेट यांना प्रांतिक विधिमंडळात पाठवले. दोन वर्षांनी जॉन वेंटवर्थ गव्हर्नर झाले आणि त्यांनी बार्टलेट यांना जस्टिस ऑफ द पीस नेमले. त्याच सुमारास त्यांना स्थानिक सैन्यदलात कर्नलचा हुद्दाही मिळाला. जस्टिस ऑफ द पीसचे काम आपल्या घरच्या टेबलावर बसून चालत असे: किरकोळ कर्जाचे दावे, मारामारीच्या किंवा शिवीगाळीच्या तक्रारी, शपथा घेणे आणि जमिनीच्या खरेदीखतांवर साक्षीची सही करणे. वकील क्वचित असे आणि कायद्याचे ज्ञान एखाद्या मार्गदर्शक पुस्तकापुरते असले तरी भागत असे.

येथेच त्या काळच्या राजकारणाची कळ आहे. गावात दोन प्रकारची सत्ता नांदत होती. विधिमंडळातली जागा आणि गावकारभार हे खालून, गावकऱ्यांच्या मताने मिळत. न्यायदान आणि सैन्यातला हुद्दा हे वरून, राजाच्या नावाने गव्हर्नरच्या मर्जीने मिळत आणि त्याच मर्जीने काढूनही घेता येत. बार्टलेट यांच्याकडे दोन्ही होते. विधिमंडळात गव्हर्नरच्या मनाविरुद्ध जाणाऱ्या या माणसाला हुद्दा देऊन आपलेसे करावे, असा वेंटवर्थ यांचा हेतू असावा असे बार्टलेट यांचे चरित्रकार मानतात. शांततेच्या काळात या दोन सत्ता एकाच माणसात सुखाने राहू शकत होत्या. इंग्लंडशी वाद वाढत गेला तेव्हा प्रत्येकाला त्यांतली एक निवडावी लागली, आणि अमेरिकन क्रांती गावपातळीवर घडली ती प्रामुख्याने या निवडीतून.

१७७४ मध्ये बार्टलेट वसाहतींमधील विरोधकांना जोडणाऱ्या पत्रव्यवहार समितीत होते. त्याच वर्षी त्यांचे घर जळाले. आग राजनिष्ठांनी लावली असा समज तेव्हा होता आणि आजही तसेच सांगितले जाते. त्यांनी त्याच जागी नवे घर उभे केले आणि ते किंग्स्टनच्या मुख्य रस्त्यावर अद्याप आहे. त्या वर्षीच्या पहिल्या काँटिनेंटल काँग्रेससाठी, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या फिलाडेल्फियातील सभेसाठी, त्यांची निवड झाली होती, पण घर सावरायचे असल्याने त्यांनी जाणे नाकारले. डिसेंबरमध्ये पोर्ट्समथजवळच्या फोर्ट विल्यम अँड मेरी या किल्ल्यावर सुमारे चारशे लोकांनी चाल करून बंदुकीच्या दारूची पिंपे पळवली. गव्हर्नरचा अधिकार किती पोकळ झाला आहे हे त्या दिवशी उघड झाले. १७७५ मध्ये, प्रांत सोडून जाण्याआधी, वेंटवर्थ यांनी बार्टलेट यांची न्यायदानाची आणि कर्नलची अशी दोन्ही पदे काढून घेतली. वरून मिळालेले वरून गेले; गावाने दिलेले तसेच राहिले.

वेंटवर्थ गेल्यावर अडचण अशी झाली की प्रांतात कायदेशीर सरकारच उरले नाही. न्यायालये कोणाच्या नावाने बसवायची? कर कोणाच्या अधिकाराने गोळा करायचा? १७७५ च्या ऑक्टोबरमध्ये फिलाडेल्फियात असलेल्या न्यू हॅम्पशायरच्या प्रतिनिधींनी, म्हणजे बार्टलेट आणि जॉन लँग्डन यांनी, हा प्रश्न काँग्रेसपुढे मांडला. ३ नोव्हेंबरला काँग्रेसने उत्तर दिले की लोकांचे प्रतिनिधी बोलवावेत आणि त्यांना आवश्यक वाटल्यास आपली शासनव्यवस्था ठरवावी. त्यानुसार ५ जानेवारी १७७६ रोजी न्यू हॅम्पशायरने स्वतःची राज्यघटना स्वीकारली. असे करणारी ती पहिली वसाहत, तीही स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्या सहा महिने आधी. जाहीरनाम्याच्या तेजापुढे ही गोष्ट मागे पडते, पण माझ्या मते बार्टलेट यांच्या फिलाडेल्फियातील कामात ती अधिक मोलाची आहे. राजा नको हे म्हणणे एक आणि राजाच्या नावाशिवाय खरेदीखत कसे नोंदवायचे हे ठरवणे दुसरे, आणि जस्टिस ऑफ द पीस म्हणून काम केलेल्या माणसाला या दुसऱ्या प्रश्नाची धार नेमकी कळत होती.

१७७६ च्या आरंभी काही काळ ते आपल्या वसाहतीचे एकटेच प्रतिनिधी होते आणि एकामागून एक समित्यांची कामे त्यांच्या अंगावर पडली. वसाहतींना एकत्र बांधणाऱ्या संघराज्याच्या कराराचा मसुदा करणाऱ्या समितीतही न्यू हॅम्पशायरतर्फे तेच होते. मतदान उत्तरेकडून दक्षिणेकडे घेतले जाई, त्यामुळे २ जुलैला स्वातंत्र्याच्या ठरावावर पहिले मत न्यू हॅम्पशायरचे पडले. जाहीरनाम्याच्या चर्मपत्रावर सह्यांच्या अगदी उजव्या रांगेत सर्वांत वर बार्टलेट यांची सही दिसते आणि तिच्याखाली व्हिपल यांची. तिसरे प्रतिनिधी डॉ. थॉर्नटन नोव्हेंबरमध्ये पोहोचले, तोवर आपल्या लोकांच्या शेजारी जागा शिल्लक नव्हती, म्हणून त्यांची सही त्याच रांगेत पार तळाशी, कनेक्टिकटच्या मंडळींखाली आहे.

इकडे किंग्स्टनमध्ये शेती आणि मुले मेरी सांभाळत होत्या. पतीपत्नींची त्या काळातली पत्रे उपलब्ध आहेत आणि त्यांत राजकारणाच्या जोडीने पीकपाणी, गवताची कापणी, मजूर मिळण्याची मारामार आणि आजारपणे येतात. बार्टलेट यांना महिनोन्महिने घराबाहेर राहता आले ते या व्यवस्थेच्या जोरावर, आणि वैद्यकीचे उत्पन्न त्या काळात बंदच होते हेही विसरून चालणार नाही.

१७७७ मध्ये थकल्याचे कारण देऊन त्यांनी काँग्रेसमध्ये परत जाण्याचे नाकारले. पण त्याच ऑगस्टमध्ये जनरल जॉन स्टार्क यांच्या हाताखालची न्यू हॅम्पशायरची फौज बेनिंग्टनच्या लढाईत उतरली तेव्हा (लढाई बेनिंग्टनच्या नावाने ओळखली जाते, पण घडली ती न्यूयॉर्कच्या हद्दीत) बार्टलेट यांनी तेथील जखमींवर उपचार केले. भूल नाही आणि जंतुसंसर्गाची कल्पना नाही, अशा काळात रणांगणावरच्या डॉक्टरचे काम म्हणजे गोळ्या काढणे, रक्तस्राव थांबवणे आणि चिघळलेला हातपाय वेळीच कापणे. १७७८ मध्ये ते पुन्हा काँग्रेसमध्ये गेले, संघराज्याच्या करारावर सही केली आणि मग कायमचे घरी परतले.

घरी आले ते न्यायाधीश होण्यासाठी. १७७९ मध्ये ते कनिष्ठ दिवाणी न्यायालयावर आणि १७८२ मध्ये राज्याच्या वरिष्ठ न्यायालयावर नेमले गेले. पुढे ते त्या न्यायालयाचे मुख्य न्यायाधीशही झाले. कायदा न शिकलेला माणूस मुख्य न्यायाधीश होतो हे आज विचित्र वाटेल, परंतु त्या न्यायपीठावर ते अपवाद नव्हते. डॉक्टर थॉर्नटन त्यांच्याआधी तेथे बसून गेले होते, आणि त्यांचे सहकारी जॉन डडली हे मूळचे शेतकरी होते. त्यांचे शालेय शिक्षणही तुटपुंजे होते. वकिली डावपेचांपेक्षा पक्षकारांना न्याय मिळणे महत्त्वाचे, असे डडली उघड म्हणत. निर्णय मोठ्या अंशी ज्यूरी देत असे आणि न्यायाधीशाकडून लोकांची अपेक्षा असे ती माणूस ओळखण्याची. वकिलांना अर्थातच हे पसंत नव्हते, आणि त्यांची तक्रार निराधार होती असेही नाही, कारण एकाच प्रकारच्या दाव्यात वेगवेगळे निकाल लागले तर व्यापार करणाऱ्याने भरवसा कशावर ठेवायचा?

१७८८ मध्ये संघराज्याच्या नव्या घटनेला मान्यता देण्यासाठी राज्याची परिषद बसली तेव्हा बार्टलेट तिचे सभासद होते. २१ जूनला ५७ विरुद्ध ४७ मतांनी न्यू हॅम्पशायरने घटना मान्य केली. ते नववे राज्य होते आणि घटना अमलात येण्यासाठी नऊच राज्यांची मान्यता लागणार होती. विधिमंडळाने नंतर त्यांना सिनेटर म्हणून निवडले, पण त्यांनी ते नाकारले. १७८९ मध्ये मेरी वारल्या. १७९० मध्ये ते राज्याचे प्रमुख झाले. हे पद तेव्हा ‘प्रेसिडेंट’ म्हणवले जाई आणि १७९२ च्या घटनादुरुस्तीने त्याचे ‘गव्हर्नर’ झाले, म्हणून राज्याचे पहिले गव्हर्नर अशी त्यांची नोंद होते.

१७९० मध्येच डार्टमथ कॉलेजने त्यांना डॉक्टर ऑफ मेडिसिन ही सन्माननीय पदवी दिली, त्यांचा मुलगा एझ्रा पदवीधर झाला त्याच समारंभात. चाळीस वर्षे डॉक्टर म्हणून ओळखल्या गेलेल्या माणसाच्या हाती वैद्यकीची ही पहिली पदवी आली. पुढच्या वर्षी, १७९१ मध्ये, न्यू हॅम्पशायर मेडिकल सोसायटीच्या सनदेवर त्यांनी राज्याचे प्रमुख म्हणून सही केली आणि तिचे पहिले अध्यक्षही तेच झाले. अशा संस्थांचा एक उद्देश वैद्यकी करू इच्छिणाऱ्यांची पात्रता तपासणे हा होता. म्हणजे ज्या सैल व्यवस्थेतून बार्टलेट स्वतः वर आले, तीच आवळण्याचे काम त्यांनी हाती घेतले. मला यात विसंगती दिसत नाही. कोणीही उठून डॉक्टर होऊ शकतो याचे परिणाम त्यांच्याइतके जवळून फार थोड्यांनी पाहिले असतील.

प्रकृती ढासळल्याने त्यांनी १७९४ मध्ये गव्हर्नरपद सोडले आणि १९ मे १७९५ रोजी किंग्स्टन येथे त्यांचे निधन झाले. लेव्ही, जोसाया आणि एझ्रा हे तिन्ही मुलगे डॉक्टर झाले आणि तिघांच्याही वाट्याला सार्वजनिक कामे आली. मोठ्या भावाच्या मागे त्याचे नाव मिळालेल्या धाकट्या जोसाया यांनी स्ट्रॅटहॅम येथे वैद्यकी केली, काउंटीची तिजोरी सांभाळली आणि १८११ ते १८१३ या काळात ते अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाचे सभासद होते.